माऊस तुझा, कीबोर्ड माझा

दत्त्या, तू उमरग्याला गेला होतास ना?

फोनवर तूच म्हणाला होतास, "मेव्हण्याच्या दुकानात लई काम तुंबलंय, जरा हातभार लावून येतो. तवर आपला रविवार बंद." मी तुला चिडवलंही होतं, की सासुरवाडीला गडी म्हणून राबायला निघालेला जावई मी पहिल्यांदाच बघतोय. तू हसला होतास. मग एका सकाळी तुझ्या मीराचा फोन आला, तो सोलापूरच्या दवाखान्यातून. डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, पण तू शुद्धीवर आलाच नाहीस, असं ती सांगत होती आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, "कुणाच्या डोक्यातली गाठ?" माझा दत्ता तर उमरग्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत होता.

येरमाळ्याला पोचलो तेव्हा तुझ्या अंगणात माणसं जमली होती. तुझा चुलता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचा दोघांचा लई जीव होता. तुला तर समदं ठाव आसंल." मी मान हलवली. चार माणसांत कसं सांगायचं, की मला काहीच ठाव नाही? तुला खांदा दिला, राख सावडली, आणि सगळे रडत होते तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोकांना वाटलं, याला धक्का बसलाय. धक्का कसला, मला राग आला होता. अजून आहे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. आपला एक रविवार भांडणाशिवाय गेला नाही, आणि आता मेलास म्हणून तुला सूट मिळेल असं वाटत असेल तर ते विसर. तुझ्या फोटोला हार घातलाय, उदबत्ती लावली आहे. आता खाली बस आणि ऐक.

सुरुवात कळंबच्या त्या नेट कॅफेतून करतो, कारण सगळं खापर तिथंच फोडता येतं. खत-बियाणाच्या दुकानावरची ती खोली, खालून वर येणारा युरियाचा वास, आणि कॉलेज बुडवून आलेले आपण दोघं. दोघांत एकच मशीन परवडायचं. तू उजव्या बाजूच्या स्टुलावर बसायचास म्हणून माऊस तुझ्या हातात आला, मी डावीकडच्या मोडक्या खुर्चीत म्हणून कीबोर्ड माझ्याकडं. कुणी ठरवून काही केलं नव्हतं. जागा जशी मिळाली तसे आपण बसलो आणि पुढं जन्मभर त्यालाच आपलं मत म्हणत राहिलो.

खेळ होता भुयारांचा. वरून दिसणारा मुलूख, त्यात आपला एक कुऱ्हाडवाला माणूस आणि समोर राक्षसांची झुंड. त्या खेळात चालणं माऊसचं होतं. तू जमिनीवर जिथं क्लिक करशील तिथं तो माणूस चालत जायचा. माझ्याकडं औषधाच्या बाटल्या, ढाल, मंत्र. म्हणजे न्यायचं तू आणि निस्तरायचं मी. तू कुठंही घुसायचास. माणूस मेला की म्हणायचास, "बाटली येळंवर का न्हाय पाजलीस?" आणि मी म्हणायचो, "पण तिथं नेलास कशाला?" आपलं पहिलं भांडण हेच. आता विचार करतो तर शेवटचंही हेच निघालं.

मला त्या माऊसचा तेव्हापासून राग. राक्षसावर क्लिक केलं तर आपला माणूस कुऱ्हाड चालवणार, पण नेम केसभर चुकून जमिनीवर पडला, की तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून थेट राक्षसांच्या गराड्यात जाणार, पंगतीला बोलावल्यासारखा. किती वेळा मेलो आपण असे. तुझा नेम मात्र चांगला होता, हे मान्य करतो. तुझं बोट हलकं होतं. ज्या हातानं तू पुढं केसासारख्या तांब्याच्या तारा मोटारीत भरल्यास, त्या हाताला माऊस म्हणजे खेळणंच होतं.

पुढं तू येरमाळ्याला हायवेला लागून मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलंस. मी बेंबळीत एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि टायपिंग सुरू केलं. लग्नं झाली, पोरं झाली. दोघांच्याही दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा बायकांना सांगितलं धंद्यासाठी, आणि रविवारी दुपारी चारला कानाला हेडफोन लावून आपण पुन्हा भुयारात उतरलो. आता दोघांची दोन माणसं होती. तरी सवय अशी, की तू पुढं आणि मी मागं.

त्या हेडफोनमधली तुझी भाषणं मला पाठ आहेत. मी म्हणायचो, चालायला कीबोर्ड पाहिजे, चार बटणं, चार दिशा, माणूस आपल्या मुठीत राहतो. तू म्हणायचास, "शहाण्या बैलाला कासरा लागत न्हाय, सत्या. घरला चल म्हनलं की निघाला. तुझ्या कीबोर्डात माणसाला पावलापावलाला हाकावं लागतंय."

"गाडी हँडल धरून चालवतात लेका, लांबवर बोट दाखवून न्हाय."

"बटणावरचं बोट काढलं की तुझा माणूस जाग्याव थांबतोय. माझा हात काढला तरी चालत ऱ्हातोय. तवर म्या चार शेंगा फोडून खातो." आणि खरंच हेडफोनमध्ये शेंगा फोडल्याचा आवाज यायचा. मला चिडवायला तू माईकजवळ नेऊन फोडायचास.

मग मी माझा हुकमी मुद्दा काढायचो. एका दिशेला पळत दुसऱ्या दिशेला बाण मारणं, हे कीबोर्डवर जमतं, माऊसवर या जन्मात जमणार नाही. माऊसवाल्याचं तोंड जिकडं, पाय तिकडं. त्यावर तू जे बोलायचास ते आज मुद्दाम लिहून ठेवतो. तू म्हणायचास, "माणसानं तसंच असावं की. त्वांड एकीकडं आन पाय दुसरीकडं, असली माणसं चांगली नसत्यात."

त्वांड उमरग्याकडं, पाय सोलापूरकडं. तुझे शब्द आहेत, मी फक्त परत करतोय.

असो. मग तो नवा खेळ आला आणि त्याच्या ऑप्शनमध्ये चालणं कीबोर्डवर घ्यायची सोय निघाली. मी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं घरात काही गोड बातमी आहे. तुला फोन केला, "खेळ बनवणारालासुद्धा माझं पटलं, आता तरी ऐक." तू म्हणालास, "सोय आंधळ्यासाठीबी आसती, डोळसानं काठी घ्यावी का?" मी माझा माणूस कीबोर्डवर घेतला. तू माऊस सोडला नाहीस. आणि त्याच झटापटीत ती पैज लागली, की जो दुसऱ्याचं मान्य करेल तो हरला.

पैज तुझ्या गावची म्हणून तिची गोम तुलाच जास्त ठाव. चैत्रात येडाईची पालखी चुन्याच्या रानात येते, आणि आलेला प्रत्येक जण चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर टाकतो. आपल्याकडं रीत अशी, की ज्यानं त्यानं आपल्या हातानं वेचायचे. तान्ह्या पोराचे आई वेचते, आणि जो अंथरुणाला खिळलाय, ज्याचा हात चालत नाही, त्याच्या नावचे घरचा कुणीतरी वेचतो. तूच म्हणालास, "जो हरंल त्यानं रानात हात बांधून हुबारायचं. त्याचे खडे जिंकणाऱ्यानं येचायचे. बघू दे गावाला कुनाचा हात मोडलाय ते." धडधाकट माणसाला याहून मोठी फजिती नाही. मी लगेच कबूल झालो. दोन यात्रा तशाच गेल्या, कारण तू मानायला तयार नव्हतास आणि मी तर मानणाऱ्यांतला नव्हेच.

मग यंदा शिमगा झाला आणि एका रविवारी तू हेडफोनमध्ये म्हणालास, "सत्या, जिंकलास गड्या. म्या कीबोर्डाव आलो."

मी दोनदा विचारलं. तू म्हणालास, "व्हय की. तुझं बराबर होतं. माऊसमधी काय मजा न्हाय."

दत्त्या, त्या दिवशी मी किती खूश झालो तुला कल्पना आहे? सुनंदाला स्वयंपाकघरातून ओढत आणून सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि परत आत गेली. मला वाटलं, बाईमाणसाला यातलं काय कळतंय. माझ्या बायकोला माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त कळत होतं, पण ते पुढं येईलच.

चैत्रातली ती सकाळ. रानात पाय ठेवायला जागा नव्हती, हलग्या वाजत होत्या, आई राजा उदो उदो चाललं होतं. तू पांढरा शर्ट घालून आला होतास आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलास. मी वाकलो, माझे पाच वेचले, मग तुझ्याकडं बघत, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ह्यो दत्ताच्या नावचा. ह्याचा हात मोडलाय." लोक हसले. तुझा चुलता हसला. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलास. मीरा पदर तोंडाला लावून बाजूला वळली, मला वाटलं तीही हसतेय. सुनंदानं माझ्या हातातला शेवटचा खडा काढून घेतला आणि स्वतःच ढिगावर टाकला. मी म्हटलं, "अगं, पैज माझी आहे."

त्या दिवशी रानात जितके लोक होते, त्यात आपल्या चौघांपैकी तिघांना माहीत होतं, की खडे खरोखरच एका आजाऱ्याच्या नावचे वेचले जातायत. एकट्या वेचणाराला माहीत नव्हतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. तू सांगितलं नाहीसच.

तेरावा झाल्यावर मीरानं बोलावलं. म्हणाली, "भावजी, ह्यांचं कॉम्प्युटर तेवढं बघा. कसं बंद करायचं मला कळंना." दुकानामागची ती खोली तशीच होती. तारांची रिळं, वार्निशचा वास, भिंतीला टेकवलेल्या जळक्या मोटारी. मी तुझ्या खुर्चीत बसलो. खेळ उघडला. पासवर्ड तू आळशीपणानं सेव्ह करून ठेवला होतास, त्यामुळं तुझा माणूस सरळ समोर आला, छावणीत शेकोटीजवळ उभा. मी माऊसचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मेलेलं बटण. मग खुर्ची पुढं ओढताना टेबलाखाली माझा पाय कशावर तरी पडला आणि पडद्यावर तुझ्या माणसानं कुऱ्हाड चालवली.

मी वाकून बघितलं. लाकडाच्या फळीवर दारावरच्या बेलचं बटण ठोकलेलं, आणि त्यातून निघालेल्या दोन तारा टेबलाच्या पायाला बांधत बांधत वर जाऊन माऊसच्या पोटात शिरलेल्या. तू पायानं क्लिक करत होतास. मी ऑप्शन उघडले. माऊसनं पडद्यावर फिरणाऱ्या बाणाचा वेग पार कमी करून ठेवलेला, म्हणजे वरचा हात कसाही घसरला तरी बाण फार उडू नये. चालणं डाव्या हाताच्या चार बटणांवर. ज्याला माझं पटलंय अशा माणसानं मांडलेलं हे टेबल नव्हतं. ज्याच्या उजव्या हातात काही राहिलं नाही, त्यानं खेळता यावं म्हणून केलेली ही धडपड होती.

मीरा दारात उभी होती. मी विचारलं, "कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. आधी तार सुटायची हातातनं. मग घास सुटाया लागला." ती खाली बसली. "सोलापूरला फोटो काढला तवा गाठ कळली. आप्रेशन करा म्हनले. हे म्हनले यात्रा हू द्या, उन्हाळ्याचं काम उरकू द्या. उन्हाळ्यात मोटारी म्याच भरल्या भावजी. हे शेजारी बसून सांगायचे आन म्या तार वढायची."

"आन मला?"

"तुमास्नी न्हाय सांगायचं म्हनून शपथ घातली हुती. येडाईची." मग जणू हे बोलल्यानं माझं ओझं हलकं होईल अशा भोळेपणानं ती म्हणाली, "सुनंदाताईलाबी शपथ घातली हुती."

मी बेंबळीला कसा आलो मला आठवत नाही. सुनंदा पिठाचे हात घेऊन उभी होती. मी एवढंच म्हटलं, "तुला ठाव होतं."

"मीराला एकटीला सोसवंना म्हणून तिनं मला सांगितलं. मग दत्ताभावजींनी मला फोन करून शपथ घातली."

"आणि तू पाळलीस. रोज माझ्या ताटात वाढत होतीस आणि पाळलीस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून रोज येरमाळ्याला जाऊन बसला असता."

"बसलो असतो."

"त्यांना तेच नको होतं. ते म्हणाले, वहिनी, घरात सगळे माझ्याशी हळू बोलायलेत. चुलीपाशी कुजबुजतात. मी काय बी बोललो तर व्हय म्हणायलेत. एकटा सत्या हाय जो अजून माझ्याशी भांडतोय. त्याला कळलं तर तो भांडायचा थांबंल. मला मुद्दाम जिंकू देईल. मग माझ्याकडं काय ऱ्हाईल?"

हे ऐकून सगळ्यांना वाटतं, की सत्यानं आता विरघळावं. सुनंदालाही तसंच वाटत होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी विरघळलो नाही दत्त्या. मला अजूनच संताप आला, आणि त्याचं कारण तुला समोर बसवून सांगायचं होतं. तू नाहीस म्हणून इथं सांगतो.

तुला माझ्याकडून खोटी जीत नको होती. बरोबर. कोणाला आवडेल? पण मग मला काय दिलंस तू? "तुझं बराबर होतं," हे वाक्य ऐकायला मी कळंबच्या त्या मोडक्या खुर्चीपासून वाट बघत होतो, आणि ते तू मला थापेत गुंडाळून दिलंस. मी तुला मुद्दाम जिंकू देईन अशी तुला भीती होती, आणि तेच तू माझ्याशी केलंस. मी पेढे वाटणारा माणूस. मी रानात चार लोकांत ओरडणारा माणूस. स्वतःचा मोडका हात झाकायला तू माझी पैज वापरलीस. खडे वेचताना बोटं उघडी पडली असती, गावानं बघितलं असतं, म्हणून बरोबर यात्रेच्या तोंडावर तुला माझं म्हणणं पटलं. हुशार होतास. नेम चुकला नाही.

आणि खरा घाव याच्याही पुढचा आहे. मला कळलं असतं तर मी यात्रेची वाट बघितली नसती, उन्हाळ्याची तर नाहीच. तुला गाडीत घालून सोलापूरला नेला असता, शिव्या देत नेला असता, आणि तू ओरडला असतास की सत्या माझं ऐक, आणि मी ऐकलं नसतं. तुझं न ऐकणं हेच तर माझं आयुष्यभराचं काम होतं. ज्या दिवशी त्याचा उपयोग होता त्या दिवशी तू मला कामावरून काढलंस. मीरा म्हणते, डॉक्टर म्हणाले की आधी केलं असतं तरी फार फरक पडला नसता. मी तो डॉक्टर बघितलेला नाही. ती हे स्वतःला समजवायला म्हणते की मला, ते मी विचारत नाही. रोज सकाळी शटर उघडताना मला ते वाक्य खरं वाटतं आणि दुपारपर्यंत खोटं वाटायला लागतं.

सुनंदाशी काही दिवस मी कामापुरतंच बोललो. एकदा जेवताना ती म्हणाली, "माझ्यावर चिडा, पण जेवण टाकू नका." मी म्हटलं, तुझ्यावर नाही, ज्याच्यावर चिडायचं तो सापडत नाही. ती म्हणाली, "रविवारी तरी सापडायचे ना."

तेवढ्या शब्दावर मी पुढच्या रविवारी पुन्हा येरमाळ्याला गेलो. चारच्या सुमाराला. दुकान उघडं होतं. मीरा जमिनीवर बसून कुणाच्या तरी बोअरची मोटार भरत होती. तार ओढायची तिची पद्धत तुझ्यासारखीच आहे, जीभ दाताखाली धरून. मला बघून तिनं नुसती आत जायची खूण केली.

वाटेत बसमध्ये मी बऱ्याच गोष्टी ठरवल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत, तर पुढच्या चैत्रात रानात गिळून बसेन, म्हणून आताच सांगतो. पैज रद्द. तुझे पाच खडे मी जिंकलेला म्हणून वेचले होते, ते मोडीत काढले. येत्या यात्रेला तुझ्या नावचे पुन्हा वेचणार आहे, काही न ओरडता, जसे घरच्या माणसाचे वेचतात तसे. आणि हेही सांगून ठेवतो की कीबोर्डच बरोबर आहे. एकीकडं पळत दुसरीकडं बाण मारता येतो हे आजही खरंय. तुला तर ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं.

तुझे उपकारही मोजायचे म्हटलं तर आहेत. त्या शिमग्यानंतरचे रविवार काढून बघितले तर आपण इतके कधीच खेळलो नव्हतो. तू सारखा मरायचास आणि मी तुला शिव्या द्यायचो, "आरं बघ की कुठं घुसायलास, कीबोर्ड तुला झेपत न्हाय." तू खुशीत म्हणायचास, "आजून दे शिव्या, लई दिसांत कुनी दिल्या न्हायत." मला वाटलं चेष्टा करतोयस. तुला तेवढं मिळालं ना, मग मिळालं. पण ते मी दिलं असं मला म्हणता येत नाही, कारण देताना मला माहीत नव्हतं. तू ते माझ्या खिशातून काढून घेतलंस. मागितलं असतंस तरी दिलं असतं रे.

मी तुझ्या खुर्चीत बसलो. खेळ उघडला. तुझा माणूस शेकोटीजवळच उभा होता. ऑप्शनमध्ये गेलो आणि चालणं कीबोर्डवरून काढून माऊसवर घेतलं, तुझं जसं होतं तसं. याचा अर्थ मी हरलो असा काढू नकोस. जे मी जिंकलोच नव्हतो ते फक्त जागेवर ठेवलं.

छावणीच्या पलीकडं, पडद्याच्या कोपऱ्यात, वेस दिसत होती. मी माऊस तिथं नेला आणि टेबलाखालचं बेलचं बटण पायानं एकदा दाबलं. तुझा माणूस वळला आणि चालायला लागला. मी हात उचलून मांडीवर ठेवले. पाय मागं घेतला. तो चालत राहिला. मध्ये तटाची भिंत आली, तिला वळसा घालून पुन्हा वाटेला लागला. मीरानं काही न विचारता शेजारी ताटलीत शेंगा आणून ठेवल्या.

तो वेशीपाशी पोचेपर्यंत मी चार शेंगा फोडून खाल्ल्या.